घरच्यांनी विचारलेला हिशेब

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी पत्र वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि धाकट्या काकांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक. निळ्या एरोग्रामची कड सुरीने हळूच उलगडावी लागे, कारण काका घडीच्या आतल्या पट्टीवरही मजकूर लिहीत. घाईने फाडलं की अमेरिकेतली दोन वाक्यं गेलीच म्हणून समजा. मी झोपाळ्यावर बसून वाचायची, आजोबा समोरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचे, आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात हातातलं काम थांबवून उभी राहायची.

१९७८ सालचं एक पत्र घटस्थापनेच्या सुमारास आलं. ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ झाल्यावर पहिलीच ओळ होती : ‘आमचे गव्हर्नर मंगळवारी पडले. त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी पाडले. मी त्यांतला एक.’

आजोबांनी डोळे उघडले. ‘गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना? राज्यपाल कसा पडेल? त्याला काय मतं लागतात?’

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला उत्तर माहीत नव्हतं. ते पुढच्या चार-पाच पत्रांतून कळत गेलं, आणि बरंचसं नंतर, काका सुटीवर आले की रात्री गच्चीवर सतरंजी टाकून सांगत त्या गोष्टींतून. आपल्याकडचे राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच म्हणावा, पण त्याला आमदार निवडत नाहीत, सगळं राज्य थेट मत देऊन निवडतं. आणि त्या निवडणुकीच्याही आधी एक निवडणूक असते, घरातली. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे सामान्य मतदार मतपेटीतून ठरवतात. गादीवर बसलेला गव्हर्नर असला, तरी त्याच्याच पक्षातला कुणीही समोर उभा राहून म्हणू शकतो, मला द्या. तिला म्हणतात प्रायमरी.

तो पावसाळा आमच्या घरात फार कडवट गेला होता. वसंतदादा म्हणजे आजोबांचा जीव की प्राण. १९४३ सालच्या जुलैत दादांनी सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उडी घेतली, ती गोष्ट आजोबा अशी सांगत की ऐकणाऱ्याच्या तळपायाला मुंग्या याव्यात. शाळा फारशी न शिकलेला आपल्या भागातला माणूस मुख्यमंत्री झाला, याचा त्यांना स्वतःच्या मुलाच्या डिग्रीइतका अभिमान होता. आणि १९७८ च्या जुलैत दादांचं सरकार पडलं. विरोधकांनी हरवलं असतं तर आजोबांनी सोसलं असतं. पण दादांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला अडतिसाव्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. गावात कुणी ‘पाठीत खंजीर’ म्हणत होतं, कुणी ‘राजकारण आहे, चालायचंच’ म्हणत होतं. आजोबा काहीच म्हणत नव्हते. संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की ते उठून रेडिओ बंद करत.

त्या जखमेवर खपली धरण्याआधीच काकांचं हे पत्र आलं होतं. ते ऐकून आजोबा एवढंच बोलले, ‘म्हणजे तिकडेही घरच्यांनीच.’ आणि जरा वेळाने, ‘आणि त्यात आपला पोरगा.’

*

काका वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन १९६८ मध्ये बोस्टनजवळच्या लोवेल गावी पुढचं शिकायला गेले. लोवेल हे गिरण्यांचं गाव. नदीकाठी लाल विटांच्या पाच-पाच मजली गिरण्या, त्यांचे कालवे, आणि बहुतेक गिरण्या बंद. तिथे एका ग्रीक म्हातारीच्या घरातली वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. तिला सगळा मोहल्ला ‘याया’ म्हणे, म्हणजे ग्रीक भाषेत आजी. ती लहान असताना आईबापांबरोबर बोटीने आली होती आणि कोवळ्या वयातच गिरणीत लागली होती. धाग्यांची धूळ छातीत जाऊन तिला कायमचा खोकला होता. काकांना अमेरिकेचा इतिहास पुस्तकांनी थोडा शिकवला, यायाने जास्त. स्वयंपाकघरात मसुराचं सूप ढवळत ती गिरणीचे भोंगे, संप, मुकादमांची दादागिरी असं सगळं सांगे. घरच्या आमटीची उणीव तिच्या सुपाने भरून काढली, असं काका म्हणत.

मायकेल डुकाकिस हा यायाच्या घरातला शब्द होता. बोस्टनशेजारच्या ब्रुकलाइनमध्ये वाढलेला, ग्रीक डॉक्टरचा मुलगा, हुशार, काटकसरी, स्वच्छ. १९७४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांना हरवून तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. यायाने देवघरात मेणबत्ती लावली. राज्याचा गव्हर्नर साध्या ट्रामने, लोकांबरोबर दांडीला धरून कचेरीत जातो, हे काकांनी पत्रात कौतुकाने लिहिलं होतं. आजोबांनी ते शेजाऱ्यांना दोनदा सांगितलं.

पण निवडणुकीत डुकाकिसांनी एक वचन दिलं होतं. नवे कर लावणार नाही, असं ते छातीठोकपणे सांगत फिरले. खुर्चीत बसून तिजोरी उघडली तर पन्नास कोटी डॉलरांहून मोठा खड्डा. राज्यात मंदी, बेकारी. १९७५ मध्ये त्यांनी कर वाढवले, विक्रीकर तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेला, आणि त्याच वेळी गरिबांच्या मदतीलाही कात्री लावली. म्हणजे उजवीकडचे लोक कराने दुखावले आणि डावीकडचे कपातीने. पक्षासाठी झटलेल्या कार्यकर्त्यांना ते दाराशीही उभे करत नाहीत, सल्ला ऐकत नाहीत, समोरच्याला शाळेतल्या पोरासारखं समजावतात, अशी कुरकुर सुरू झाली. ‘माणूस खोटा नाही,’ काका म्हणत, ‘पण त्याला आपणच बरोबर आहोत याची फार खात्री असते.’

तोवर काकांचं लग्न झालं होतं. काकू मिरजेच्या. दोघांनी लोवेलला लागून असलेल्या चेल्म्सफर्डमध्ये घर घेतलं होतं आणि घराबरोबर घरपट्टीही आली होती. त्या राज्यात शाळा, अग्निशमन, रस्ते यांचा भार घरपट्टीवर, आणि ती देशात सर्वांत जड असलेल्यांपैकी एक. लोक राज्याच्या नावाची मोडतोड करून ‘टॅक्साचुसेट्स’ म्हणत. काकांनी एकदा पट्टीचा कागदच पत्रात घालून पाठवला होता. आजोबांनी डॉलरांचे रुपये करून पाहिले आणि कागद घडी घालून पंचांगात ठेवला.

१९७८ च्या फेब्रुवारीत तिकडे बर्फाचं वादळ झालं. सहा तारखेला, सोमवारी दुपारी काका कारखान्यातून निघाले आणि बोस्टनला वळसा घालणाऱ्या एकशे अठ्ठावीस नंबरच्या रस्त्यावर अडकले. त्या एका रस्त्यावर तीन हजारांहून जास्त गाड्या बर्फात रुतल्या. काका गाडी सोडून चालत निघाले आणि दोन रात्री एका चर्चच्या बाकावर झोपले. बोस्टनमध्ये सत्तावीस इंच बर्फ पडलं. आठवडाभर खाजगी गाड्या बंद. आणि रोज टीव्हीवर डुकाकिस, कोट-टायशिवाय, साधा स्वेटर घालून, शांतपणे सांगताहेत, आज काय झालं, उद्या काय होईल, कुठे जाऊ नका. काकूने लिहिलं होतं, ‘घरातला मोठा भाऊ बोलतोय असं वाटायचं.’ तिकडे सगळे धरून चालले होते की आता यांना कोण हलवतो.

मग उन्हाळा आला. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी घरपट्टीला कायद्याने लगाम घातला आणि ती हवा देशभर पसरली. मॅसॅच्युसेट्समध्ये डुकाकिसांसमोर त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे एडवर्ड किंग उभे राहिले. आयरिश, धिप्पाड, तरुणपणी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, लोगन विमानतळ चालवणाऱ्या मासपोर्टचे माजी प्रमुख. १९७४ मध्ये मंडळाने त्यांना तिथून काढलं होतं. किंग मोजकंच बोलत : कर कमी करीन, गुन्हेगारांना कडक शिक्षा देईन, देहदंड परत आणीन. दुसऱ्या बाजूने केंब्रिजच्या माजी महापौर बार्बरा ॲकरमन उभ्या राहिल्या, गरिबांच्या मदतीवरची कपात ज्यांना झोंबली होती त्यांच्या वतीने. डुकाकिस दोन्ही बाजूंनी घेरले गेले होते, आणि त्यांच्या गोटात कुणाला काळजी नव्हती.

*

काका आदल्याच वर्षी अमेरिकेचे नागरिक झाले होते. १९ सप्टेंबर १९७८ हा त्यांच्या तिथल्या पहिल्या मताचा दिवस. तो त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की माझाच वाटतो.

कामावरून सुटून ते थेट शाळेच्या व्यायामशाळेत गेले. लाकडी फरशीवर बास्केटबॉलच्या रेघा, भिंतीला टेकवून लावलेली टेबलं, टेबलामागे दोन वयस्कर बायका. मतदारांची यादी नावाने नव्हे, रस्त्याने लावलेली. आधी रस्ता विचारला, मग घराचा नंबर, मग नाव. काकांचं आडनाव तिथे कुणाला उच्चारता येईना, तर त्या बाईने बोटाने ओळ दाखवून विचारलं, हेच ना? मग एक प्रश्न विचारला, जो काकांना आयुष्यात कधी कुणी विचारला नव्हता : ‘कोणत्या पक्षाची मतपत्रिका देऊ?’

काका पक्षात कुठे नोंदलेले नव्हते. तसं असलं तरी त्या राज्यात एका पक्षाची पत्रिका मागून घेता येते. त्यांनी डेमोक्रॅटिक मागितली. ‘आपल्याकडे,’ ते मला म्हणाले, ‘उमेदवार कोण हे दिल्ली-मुंबईच्या बंद खोलीत ठरतं आणि आपण पुढे शिक्का मारतो. तिथे ती बाई मला, परवा आलेल्या माणसाला, त्या खोलीत ये म्हणत होती.’

पत्रिकेवर सिनेटसाठी लोवेलच्या पॉल सॉन्गस यांचं नाव होतं, ड्रायक्लीनरचा मुलगा, तोही ग्रीक. काकांनी सॉन्गसांच्या नावापुढे खूण केली. आणि गव्हर्नरसाठी किंगच्या नावापुढे. ‘मला किंग आवडत नव्हता. देहदंडाचं तर अजिबात पटत नव्हतं. पण मला डुकाकिसांना काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला दुसरी जागा नव्हती.’

रात्री निकाल लागला. किंग एक्कावन्न टक्के, डुकाकिस बेचाळीस, ॲकरमन सात. सॉन्गस जिंकले. एकाच दिवशी, एकाच पत्रिकेवर एक ग्रीक वर गेला आणि एक खाली.

रविवारी काका यायाकडे गेले. आपण काय केलं ते त्यांनी लपवलं नाही. ती बराच वेळ खिडकीतून कालव्याकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘मला वाईट वाटलं. पण घरातल्या माणसाला घरातल्यांनीच सांगायचं असतं. बाहेरच्याने सांगितलं की तो भांडण समजतो.’ हे वाक्य काकांनी पत्रात उतरवून पाठवलं होतं. मी वाचलं तेव्हा आजोबांनी हात वर करून मला थांबवलं, आणि ते नुसतं ऐकत राहिले.

*

या प्रायमरीचा उगम मी पुढे शोधला. तिथेही पूर्वी पक्षाचे पुढारी मेळाव्यात उमेदवार ठरवत आणि रेल्वे कंपन्या, ठेकेदार त्या पुढाऱ्यांना ठरवत. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी वर्षानुवर्षं झगडून १९०३ मध्ये राज्यभर प्रायमरी लागू करणारा कायदा करवून घेतला, १९०४ मध्ये लोकांनी कौल देऊन तो पक्का केला, आणि मग एकेक राज्य त्या वाटेने आलं. म्हणजे ज्याच्या हातात सत्ता होती अशा एका गव्हर्नरनेच गव्हर्नरला घरच्यांसमोर उभं करणारं दार उघडलं. त्या दाराने नेहमी शहाणाच माणूस आत येतो असं नाही. पण ते असल्याने आत बसलेल्याला बाहेरचा आवाज ऐकू येतो.

डुकाकिसांना तो आवाज ऐकू यायला चार वर्षं मिळाली. ते हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये शिकवायला लागले. इकडे किंग गव्हर्नर झाले. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीही घरपट्टीला लगाम घातला : मालमत्तेच्या किमतीच्या अडीच टक्क्यांहून जास्त वसुली नाही. काकांची पट्टी उतरली. त्याबरोबर गावोगावी शिक्षक कमी झाले, अग्निशमन दलातली माणसं कमी झाली, ग्रंथालयांच्या वेळा आखडल्या. काकांच्या रस्त्यावर समोर राहणारा एक बंबवाला घरी बसला. किंगच्या वाहतूक खात्याच्या सचिवाला लाचखोरीबद्दल शिक्षा झाली. ‘पट्टी कमी झाल्याचा आनंद मी कुणाला सांगू शकलो नाही,’ असं काकांनी लिहिलं होतं.

१९८२ मध्ये डुकाकिस परत उभे राहिले. आता उलटं होतं : गादीवर किंग, समोर डुकाकिस. माणूस बदलला होता असं काकू ठासून सांगे. लोकांच्या घरी दहा-पंधरा जणांत बसून कॉफी पीत ते प्रश्न ऐकत, आणि लगेच उत्तर देण्याची जुनी खोड आवरत. अशाच एका बैठकीला काकू गेली, आणि परत आली ती कामाला लागूनच. तिला मतदारांच्या नावांची कार्डं मिळाली. मिरजेत तिने आईबरोबर हळदीकुंकवाची बोलावणी करत घरं पालथी घातली होती. कुणाकडे कधी जायचं, कुणाच्या सासूला आधी विचारायचं, कुणाला नुसती आठवण पुरते, हे ज्ञान तिच्या अंगात होतं. ती साडीवर कोट चढवून दारं ठोठावी. कार्डाच्या पाठीमागे मराठीत खुणा करी : ‘कुत्रा आहे’, ‘नवरा किंगवाला, बाई आपली’, ‘शनिवारी परत’. ती कार्डं मी २००६ मध्ये तिच्या कपाटात पाहिली. रबरबँड सुकून तुटलं होतं, पेन्सिलीची अक्षरं अजून वाचता येत होती.

१४ सप्टेंबर १९८२ ला अकरा लाखांहून जास्त लोकांनी त्या प्रायमरीत मत दिलं. डुकाकिस सात-एक टक्क्यांनी जिंकले. जानेवारी १९८३ मध्ये ते परत गव्हर्नर झाले, पुढे १९८८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि थोरल्या बुशकडून हरले. त्यानंतरची कितीतरी वर्षं ब्रुकलाइनहून पायी कॉलेजात शिकवायला जाताना ते वाटेतला कचरा उचलत. काकांनी मला तो रस्ता दाखवला आहे.

*

आणि त्याच सुमारास, २ फेब्रुवारी १९८३ ला, वसंतदादा परत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सांगलीत पेढे वाटले. आजोबा काठी टेकत चौकात जाऊन आले. १९७८ मध्ये दोघे दोन महिन्यांच्या अंतराने पडले, आपल्याच माणसांनी पाडले, आणि १९८३ मध्ये महिन्याच्या आत दोघे परत आले. हा योगायोग माझ्या लक्षात आला नव्हता, तो आजोबांनी दाखवला. पण पेढा खाऊन झाल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि काकांना एकच प्रश्न लिहवला : ‘दादांचं इथे आमदार आणि दिल्ली यांच्यात ठरलं. आम्ही पेढे खाल्ले, पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, जाताना नाही आणि येतानाही नाही. तुझ्या गव्हर्नरला परत कोणी आणलं, ते कळव.’

आजही निवडणूक आली की मला हा प्रश्न आठवतो. तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या बंगल्यांबाहेर थांबलेल्या गाड्या टीव्हीवर दिसतात, आणि वाटतं, पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्या आपल्या माणसांना निदान एकदा तरी कुणी टेबलामागून विचारावं, तुम्हाला कोण हवा? नावडता झालेला नेता आपल्याकडे एक तर आमदार फोडून जातो, नाही तर वरून आलेल्या फोनने. दोन्ही प्रकारांत त्याला लोकांचं काही ऐकावं लागत नाही. मग तो परत येतो तेव्हा काय शिकून येणार? डुकाकिसांना ज्यांनी पाडलं, त्यांच्याच ओट्यावर जाऊन त्यांना परत उभं राहावं लागलं.

काकांचं उत्तर होळीच्या सुमारास आलं. मी नेहमीसारखी कड उलगडली.

‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही विचारलंत, परत कोणी आणलं. मला ठाऊक आहेत तेवढी माणसं लिहितो. एक, याया. खोकत खोकत चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं. दोन, समोरचा बंबवाला आणि त्याची बायको. तीन, ग्रंथालयातल्या बाई, ज्यांचे दोन दिवस कमी झाले होते. चार, तुमची सून, तिची एकशे चाळीस कार्डं. आणि पाच, मी. मीच पाडलं होतं, म्हणून मीही गेलो.’

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाच्या पेरावर टेकत होता, जपमाळ ओढावी तसा. पाचव्यावर तो थांबला.

‘परत वाच,’ ते म्हणाले. ‘नावं सावकाश घे.’